‘कसंतरी होतंय’ म्हणणारी मुले

(घाटकोपर येथे शिक्षक व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



मी वैद्यक शाखेचा नव्हे, कलाशाखेचा पदवीधर आहे. माहिती पोहोचविणे एवढेच माझे काम. परंतु आजचा विषय डॉक्टरांच्या आधी आपल्याच दृष्टीस पडतो. मार्चच्या उकाड्यातही पूर्ण बाह्या वर न करू देणारी मुलगी, खेळाच्या तासाला रोज नवी सबब सांगणारा मुलगा, यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

स्वतःच्या शरीरास जाणूनबुजून इजा करणाऱ्या सर्वच मुलांना मरण हवे असते असे नाही. पुष्कळदा असह्य झालेली भावना क्षणभर शमावी, एवढाच त्यांचा हेतू असतो. मात्र म्हणून हा प्रकार किरकोळ ठरत नाही. अशा मुलांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अधिक असतो. यास्तव ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे त्यांना शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. एका शाळेत अशा मुलीस प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करून शपथ घ्यावयास लावल्याचे माझ्या कानी आले. त्या शिक्षकांचा हेतू चांगला असेल. परिणाम चांगला होणे शक्य नव्हते.

या मुलांसाठी स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी इंटरनेटद्वारे भावनियमनाचा उपचार तयार केला. १३ ते १७ वर्षे वयाच्या १६६ मुलामुलींवरील त्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. सर्वांचे नेहमीचे उपचार चालूच होते. निम्म्यांना त्याखेरीज १२ आठवड्यांचे पाठ देण्यात आले. उपचारानंतर एका महिन्याने या गटात इजेचे प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात ४७ टक्क्यांनी घटलेले आढळले. पालकांसाठी वेगळे पाठ होते. आत्महत्येचा तातडीचा धोका असलेल्या मुलांना मात्र या अभ्यासात घेतले नव्हते, हे विसरू नये.

या पाठांत काय शिकवितात? प्रथम भावना ओळखणे, मग ती दडपून न टाकता सोसणे, आणि मनात आलेली ऊर्मी ओसरेपर्यंत थांबणे. आपली मुले मनाची अवस्था विचारली की ‘कसंतरी होतंय’ म्हणतात. त्या एका शब्दात राग, लाज, भीती, अपमान, एकटेपण सारे कोंबलेले असते. ते सुटे करणे हेच उपचाराचे पहिले पाऊल होय. म्हणून असा कार्यक्रम मराठीत आणावयाचा तर नुसते भाषांतर पुरणार नाही. मुले घरी बोलतात तीच भाषा त्यात हवी.

आता आपल्या उपनगरांचा विचार करा. मुलुंडहून वा बोरिवलीहून मुलाला दर आठवड्यास रुग्णालयात न्यावयाचे तर आईचा एक रोज बुडतो. फोनवर बोलावे, तर दहा बाय बाराच्या खोलीत आजीपासून धाकट्या भावापर्यंत सर्वांचे कान असतात. स्वीडनच्या उपचारात तज्ज्ञ व मूल यांचा संवाद प्रामुख्याने लेखी संदेशांतून होतो, आणि लिहिण्यास आवाज लागत नाही. अंधेरीच्या चाळीतल्या मुलीला ही सोय स्टॉकहोमच्या मुलीपेक्षा अधिक मोलाची वाटेल! अडचण आहे ती एवढीच की आपल्याकडे मोबाइलही पुष्कळदा घरात एकच असतो आणि त्यावरचे संदेश सर्वांना वाचता येतात.

मदतीची सोय आपल्याकडे नाही असे नाही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू केली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक असून तेथे मराठीतून बोलता येते. तो प्रत्येक वर्गात लावावा. ताजी जखम किंवा जिवास धोका दिसल्यास मात्र क्रमांक फिरवीत न बसता मुलास एकटे न सोडता रुग्णालय गाठावे.

ग्रामपंचायत सदस्य हा मजकूर वाचतील, त्यांनी हा केवळ मुंबईचा प्रश्न समजू नये.

एक विनंती मुख्याध्यापकांना. समुपदेशनाची खोली म्हणून राखलेल्या जागेत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचून ठेवलेले मी पाहिले आहेत. ते अन्यत्र हलवून शाळा सुटल्यावर अर्धा तास ती खोली, आणि शक्य तर शाळेचा एक संगणक, अशा मुलांना देता येईल काय, ते पाहावे.