शनवार तेल्यांतला वकील

कोकणातले बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ते तेलाचा घाणा चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्याच समाजातले डेव्हिड एरुलकर वकील झाले.

1916 साली स्वराज्यावरच्या भाषणांसाठी लोकमान्य टिळकांवर खटला झाला. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने 20,000 रुपयांचा जातमुचलका मागितला. टिळकांच्या बाजूने जिनांसोबत एरुलकर उभे राहिले. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. भाषणातलं एखादं वाक्य नाही, सगळं भाषण पाहायचं, असं कोर्टाने सांगितलं.

यवतमाळच्या आमच्या गटातल्या बाया ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशोब विचारायला भितात. टिळक तर इंग्रज सरकारवर बोलले होते! येत्या ग्रामसभेत आम्ही विचारणार आहोत. तुम्हीही विचारा.