न्यूयॉर्क किती लांब? उंब्रजहून मोजा!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं पुण्या-मुंबईला आहेत आणि काही घरांतली थेट अमेरिकेत. म्हणून आज थोडं अंतराबद्दल बोलतो.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास लागतात, येताना १४ ते १४॥. अंतर तेच, मग वेळ वेगळी कशी? नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. कृष्णेत पोहलेल्यांना हे वेगळं सांगायला नको! शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर काही मार्गांवर वळसाही पडला.

तिकिटावरची वेळ बघून मात्र फसू नका. मुंबईहून रात्री १ ला सुटणारं विमान तिथं त्याच दिवशी सकाळी ७॥ ला पोचतं. साडेसहा तासांत अमेरिका? नाही हो! उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागं ९॥ तास असतं, हिवाळ्यात १०॥.

आता उंब्रजहून हिशेब करू. मुंबई विमानतळ सुमारे ३०० किलोमीटर. खंबाटकी, पुण्याची गर्दी, खंडाळ्याचा घाट धरून सहा-सात तास. विमानाच्या तीन तास आधी तिथं हजर राहायचं. म्हणजे रात्री १ च्या विमानासाठी दुपारी ३ ला घर सोडायचं. ३०० किलोमीटरला दहा तास आणि पुढच्या १२,५०० ला सोळा! आहे की नाही गंमत?

पण ही गंमत एका रात्री गंमत राहत नाही. समजा, सोमवारी रात्री १० ला इथं कुणाला छातीत दुखायला लागलं. मुलाला फोन केला, तिकडं दुपारचे १२॥ वाजलेत. नशिबानं त्याच रात्री ११॥ च्या विमानाचं तिकीट मिळालं, तरी तो मुंबईत उतरणार मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमारास. सामान, तपासणी, मग रस्ता. उंब्रजच्या दारात बुधवारी सकाळी ७! म्हणजे तेहतीस तास, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर.

हे तेहतीस तास कुणाचे? शेजाऱ्यांचे. पोराची माया कमी नसते, पण विमानाला त्याहून लवकर येता येत नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात तीन साध्या गोष्टी करूया. एक, बाहेरगावच्या मुलांचे फोन नंबर, देशाच्या कोडसकट, ऑफिसच्या रजिस्टरला लिहून ठेवायचे. दोन, घराची एक किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्याकडं द्यायची. तीन, औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर चिकटवायचा. आणि शेजारच्या काकूंचा दिवा सकाळी उशिरापर्यंत लागला नाही, तर बेल वाजवायला लाजायचं नाही.

न्यूयॉर्कचं अंतर आपल्याला कमी करता येणार नाही. समोरच्या दाराचं येतं.