पत्र्याचा कोपर

चंद्रपूर म्हटले की कोळसा आला, आणि कोळसा आला की धूळ आली. ती ओढून नेणाऱ्या गोल पत्र्याच्या नळाला वळणावर कोपर लागतो. काटकोनी कोपर चार तुकड्यांचा केला, तर सांध्याची प्रत्येक कड १५ अंश तिरपी येते. पत्रा उलगडला की तीच कड लाटेसारखी दिसते. पूर्वी परिघाचे १२ भाग पाडून ही लाट हाताने आखीत. आता संगणकावर कॅड ती क्षणात आखते. ४०० मिलिमीटर व्यासाला परीघ सुमारे १२५७ मिलिमीटर भरतो. शिवणीच्या दुमडीचा पत्रा मात्र त्यात नसतो. तो आपणच सांगायचा. विसरलात, तर आकृती बिनचूक आणि कोपर तोकडा! मग फटीमुळे धूळ कामगाराच्या छातीत जाते. म्हणून, तरुण मित्रांनो, आधी कागद कापून, गुंडाळून पाहा. मगच पत्र्याला कात्री लावा.