बर्फालाही वापसा असतो
(वसंत व्याख्यानमालेत नांदेड येथे दिलेले व्याख्यान)



मराठवाड्यात आकाशातून पडलेलं बर्फ म्हणजे गारपीट. तरीही या उकाड्यात मी हिमस्खलनावर बोलणार आहे, कारण आपली माणसं हिमालयात जातात. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली याच गोदाकाठी देह ठेवला. त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाचं स्थान म्हणून भाविक हेमकुंडाला जातात. घांगरियाहून सहा किलोमीटरचा खडा चढ, चार हजार मीटरहून अधिक उंची. यात्रेआधी लष्कराचे जवान बर्फ कापून वाट मोकळी करतात. त्याच वाटेवर अटलाकोटीजवळ जून 2023 मध्ये हिमस्खलन झालं आणि एका यात्रेकरू महिलेचा जीव गेला. महिना जूनचा होता आणि वाट रोजच्या वर्दळीची होती.

जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या माछिल भागात बर्फाखालून पाच जवानांना जिवंत काढलं, पण ते वाचले नाहीत. त्यांतला एक शेजारच्या परभणी जिल्ह्यातला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले 29 जण हिमस्खलनात दगावले. त्यांतले बहुतेक प्रशिक्षणार्थी होते, डोंगर शिकायला आलेले. आणि दर डिसेंबरात आपली मुलं केदारकंठाच्या ट्रेकला निघतात.

बर्फ घसरतं कसं? लातूरहून आलेल्यांनी जुनं माळवद आठवावं. दरवर्षी वर पांढरी माती चढते, खाली लाकूड किडत जातं, आणि अंगणातून पाहणाऱ्याला सारं भक्कम दिसतं. बर्फही असंच थरांनी साचतं. कडाक्याच्या कोरड्या थंडीत तळचा थर खडीसाखरेसारखा सुटा होतो. त्यावर वारा नवं बर्फ आणून दाबून बसवतो. सुट्या थरावर जड थर, असा तो डोलारा. एका माणसाच्या वजनानं खालचा थर मोडतो आणि वरची अख्खी लादी सुटते. बर्फात गाडल्या गेलेल्या बहुतेक गिर्यारोहकांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच ती लादी सोडवलेली असते. धोक्याचा उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा. घराच्या जिन्याचा चढ तीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे आपण रोज चढतो, तिथूनच धोका सुरू होतो.

मग ओळखायचं कसं? शेतकरी पाऊस उघडला की लगेच औत जुंपत नाही. मूठभर माती घेतो, गोळा करतो, खाली टाकून पाहतो. वापसा आला असेल तरच रानात उतरतो. बर्फालाही वापसा असतो. ताजी बर्फवृष्टी होऊन दिवसही लोटला नसेल, जोराचा वारा सुटला असेल, एकाएकी ऊन वाढलं असेल, पावलाखाली धप्प आवाज येऊन भेग पळाली असेल, शेजारच्या उतारावरून बर्फ घसरलेलं दिसत असेल, तर वापसा नाही. उन्हाळ्यात हिमनाला पहाटे ओलांडावा, दुपारी नव्हे, आणि एका वेळी एकानंच. डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याआधी ते पाहावेत.

तरी गाडला गेलाच कोणी, तर? पहिल्या दहा मिनिटांत काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांतला जेमतेम एक. बाहेरून मदत येईपर्यंत ही वेळ निघून जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं हेच दाखवलं: ढिगाऱ्याला पहिले हात लागले ते वाचलेल्या शेजाऱ्यांचेच. म्हणून हिवाळी मोहिमेतल्या प्रत्येकाजवळ संकेत देणारं बीकन, शोधकाठी आणि फावडं हवं, आणि ते वापरण्याचा सराव हवा.

पालकांनो, मुलाला पाठवण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा. इशारा कोण पाहतो? बीकन किती आहेत? मागे फिरायचं कोण ठरवतं? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

शेवटची विनंती. रजा घेतलेली असते, पैसे भरलेले असतात, मित्रांना शिखराचा फोटो दाखवायचा असतो, आणि मग पाय पुढेच पडतो. वापसा नसताना रानात न उतरणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या गावात कोणी भित्रा म्हणत नाही. अर्ध्या डोंगरातून परतलेल्या मुलालाही म्हणू नका.