नगरपरिचय हेही राजकीय शिक्षणच

(औरंगपुऱ्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय कार्यकर्त्याला आपले शहर माहीत असते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. मोर्चाचा मार्ग, सभेचे मैदान, मतदारयादीतील विभाग, पोलीस ठाणे आणि कलेक्टर कचेरी ही ठिकाणे त्याला पाठ असतात. परंतु ज्या रस्त्यावरून मोर्चा शेकडो वेळा गेला, त्या रस्त्याखालून शहराचे पाणी कसे वाहत होते, कडेची शाळा कोणत्या राजवटीत कोणी चालविली, पलीकडच्या मोहल्ल्यातील विणकराचा माग केव्हा बंद पडला, हे विचारले तर तो गप्प होतो. हा दोष एकट्या कार्यकर्त्याचा नाही. शहर समजून घेणे हा राजकीय शिक्षणाचा भाग आहे, हेच चळवळीने पुरेसे मानलेले नाही. दहाबारा जणांच्या लहान गटाने दोन तास आपल्याच शहरात पायी फिरावे, पाहावे, विचारावे आणि नंतर त्याची नोंद करावी, या साध्या उपक्रमाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार नवा नाही. रॉबर्ट ब्लॅचफोर्ड यांनी 1891 मध्ये इंग्लंडात ‘क्लॅरियन’ हे समाजवादी साप्ताहिक काढले. 1894 मध्ये बर्मिंगहॅमच्या वाचकांनी त्याच नावाचे सायकल मंडळ स्थापन केले. सुटीच्या दिवशी ही मंडळी सायकलीवर बाहेर पडत, प्रदेश पाहत आणि वाटेत समाजवादाचा प्रचारही करीत. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र या विषयांचे ते पहिले प्राध्यापक झाले. आधी शहर पायी पाहावे, त्याचे सर्वेक्षण करावे आणि मगच आराखडा करावा, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रात 1941 पासून राष्ट्र सेवा दलाने शिबिरे आणि श्रमदान यांतून हेच केले. साने गुरुजींच्या आंतरभारतीची कल्पनाही परस्परांच्या प्रदेशाची प्रत्यक्ष ओळख व्हावी अशीच होती. दुसरा प्रांत पाहण्याची ओढ असणे चांगलेच. परंतु दुसरा मोहल्ला पाहण्याची ओढ त्याआधी असावयास हवी.

औरंगपुरा ही या उपक्रमाच्या आरंभासाठी उत्तम जागा आहे. येथे महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांचे पुतळे आहेत, जिल्हा परिषदेचा परिसर आहे, भाजी मंडई आहे, पुस्तकांची दुकाने आहेत आणि सरस्वती भुवन ही संस्था आहे. 1915 साली, राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना, मराठी शिक्षणासाठी लोकांच्या पाठबळावर उभी राहिलेली ही शाळा. तिच्या फाटकासमोर पाच मिनिटे थांबले तरी निजामी राजवटीतील शिक्षणाचा सारा प्रश्न डोळ्यांपुढे उभा राहतो. पुतळ्याला हार घालून निघून जाणारा कार्यकर्ता आणि शिक्षण कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले, असा प्रश्न त्याच पुतळ्यापाशी उभा राहून विचारणारा कार्यकर्ता, या दोघांत मोठे अंतर आहे.

येथून गुलमंडी, सिटी चौक, भडकल दरवाजा आणि पुढे पाणचक्की अशी वाट सकाळच्या उन्हापूर्वी सहज चालून होते. या वाटेवर शहराच्या संस्थापकाची गाठ पडते. मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. तो निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी येथे हे शहर वसविले. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. महसुलाची इजारा पद्धत मोडून जमिनीच्या प्रतीनुसार आकारणी करण्याची त्याची व्यवस्था अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या पश्चात शहराचे नाव फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या सुभेदारीत 1653 नंतर औरंगाबाद झाले आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. नावांवरून भांडणारी माणसे पुष्कळ आहेत. हे शहर एका गुलामाने वसविले, ही गोष्ट मात्र त्या भांडणात सहसा कोणी काढीत नाही. आज त्याच दरवाजापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. गुलामगिरीतून वर आलेल्याची कमान आणि अस्पृश्यतेची बेडी तोडणाऱ्याचा पुतळा यांची ही शेजारसोबत पायी जाणाऱ्याच्याच ध्यानात येते; वाहनातून जाणाऱ्याला तेथे फक्त रहदारीचा खोळंबा दिसतो.

मलिक अंबरची खरी कीर्ती दरवाजापेक्षा नहरीत आहे. 1617 च्या सुमारास सुरू झालेल्या नहर-ए-अंबरीने उत्तरेकडील डोंगराळ भागातील भूजल जमिनीखालील मार्गाने शहरात आणले. ना पंप, ना इंधन. पाणी उतारावर चालत असे, आणि जागोजागी बांधलेल्या मनोऱ्यांतून हवा व पाण्याचा दाब राखला जात असे. पुढील काळात आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी एकीच्या पाण्यावर पाणचक्की चालली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात 1744 मध्ये उभारलेल्या या चक्कीवर फकीर आणि वाटसरू यांच्यासाठी धान्य दळले जाई. पर्यटक तेथे छायाचित्र काढून परततो. अभ्यासगटाने मात्र विचारावे की खोदाई कोणी केली, मजुरी कशी दिली गेली, गाळ काढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाकडे होते, आणि हे पाणी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचत नव्हते. सार्वजनिक व्यवस्था बांधण्याइतकीच ती राखण्यालाही मेहनत लागते, हा अर्थशास्त्रातला धडा पाणचक्कीच्या भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यापाशी जितका समजतो तितका वर्गात समजत नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. या शहरात मोती कारंजा नावाची एक वस्ती आहे. मे 2018 मध्ये तेथून राजाबाजार, शहागंजपर्यंत दंगल पसरली, दुकाने जळाली आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली. अनधिकृत नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईतून निर्माण झालेला तणाव हे तिचे एक कारण म्हणून त्या वेळी वृत्तपत्रांनी नोंदविले. नावातच कारंजे असलेल्या वस्तीत माणसे नळावरून एकमेकांवर उठावीत, याहून मोठी विटंबना कोणती? जायकवाडीसारखे विस्तीर्ण जलाशय हाकेच्या अंतरावर असताना शहराने गेली अनेक वर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर दिवस काढले आहेत. जेथे टंचाई असते तेथे शेजारी प्रतिस्पर्धी होतो, आणि प्रतिस्पर्धी परधर्मीय असला की टंचाईचा जाब विचारणे राहून जाते. पाण्याचा प्रश्न धर्माच्या नावावर कसा वळविला जातो, हे ज्याला समजावून सांगावयाचे आहे, त्याने त्या गल्लीत आधी शांततेच्या दिवसात जावे. दंगलीनंतर जाणारी शांतता समिती आवश्यक असतेच. परंतु तिला कोणी ओळखत नाही, ही तिची पहिली अडचण असते.

म्हणूनच हे फिरणे करमणुकीचे नाही. अर्थात त्यावर आक्षेप आहेत आणि त्यांची उत्तरे दिली पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा छंद आहे. कष्टकऱ्याला वास्तूंचे काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. शनिवार-रविवारी होणाऱ्या वारसा-सहलींत बहुधा एकाच वर्गाची माणसे दिसतात. परंतु त्यावरचा उपाय फिरणे सोडून देणे हा नाही. वाट बदलणे हा आहे. कापूस आणि रेशीम यांच्या मिश्रणातून होणारे हिमरू आज हातमागावर विणणारे मोजकेच उरले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी गटाने अर्धा तास बसावे. महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला सोबत घ्यावे. 1985 मध्ये वाळूजला मोटारसायकलींचा मोठा कारखाना आला, तेव्हा खेड्यातून आलेला मजूर कोठे राहिला, हे त्याच्या तोंडून ऐकावे. तेथे सांगणारा कामगार असतो आणि ऐकणारा प्राध्यापक; असा उलटा वर्ग समाजवादी चळवळीत वारंवार भरला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतिहास उकरून काढला की जखमा उघड्या पडतात. मग भडकाविणाऱ्यांच्या हाती कोलीत कशाला द्यावे? यावर उत्तर असे की, इतिहास बंद ठेवल्याने तो नाहीसा होत नाही; तो अफवेच्या रूपाने फिरत राहतो. 1938 च्या नोव्हेंबरमध्ये येथील इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. ते हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरले, आणि काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. त्याच कॉलेजचे प्राचार्यपद पूर्वी मौलवी अब्दुल हक यांनी सांभाळले होते. 1912 पासून सुमारे पाव शतक उर्दू भाषेच्या अंजुमनचे देशव्यापी काम त्यांनी याच गावातून चालविले. या दोन हकिकती एकाच फेरीत सांगितल्या, तर उर्दूवर प्रेम करणारा आणि निजामी हुकुमशाहीला विरोध करणारा हे एकमेकांचे वैरी ठरत नाहीत. वेगवेगळ्या सांगितल्या, की ठरतात.

आणि जखम आपल्याच घरची असेल तेव्हाही थांबू नये. नागसेनवनात 1950 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. त्यापूर्वी मराठवाड्यातील मुलाला पदवीच्या शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. जवळच 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार होण्यास 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या काळात एसेम जोशी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. मुक्तिसंग्रामात आयुष्य वेचलेले आणि सरस्वती भुवनशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते गोविंदभाई श्रॉफ यांनी विरोध केला. औरंगपुऱ्यात शाळेसमोर आदराने थांबणाऱ्या गटाने विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशीही थांबावे, आणि ज्यांच्याविषयी आदर वाटतो त्यांची भूमिका तेथे चुकली होती, हे स्वच्छ शब्दांत सांगावे. आदर आणि परीक्षण एकत्र नांदू शकतात, हे कार्यकर्त्याने शिकले नाही, तर त्याच्या आदराची भक्ती होते आणि परीक्षणाची निंदा.

आता पद्धतीविषयी थोडे. गट दहाबारा जणांचाच असावा. त्याहून मोठा झाला की त्याची मिरवणूक होते, आणि मिरवणुकीत प्रश्न विचारता येत नाही. गटातील निम्मी माणसे तरी त्या वस्तीबाहेरची असावीत. गुलमंडीचा माणूस किराडपुऱ्यात आणि किराडपुऱ्याचा नागसेनवनात गेला पाहिजे. स्त्रियांना सोयीची वेळ आधी ठरवावी आणि पुरुषांनी आपली वेळ तिला जुळवून घ्यावी. ध्वनिक्षेपक, झेंडा आणि हार यांना सुटी द्यावी. प्रत्येक फेरीचा एकच प्रश्न असावा. एकदा पाणी, एकदा शाळा, एकदा मंडई आणि तिच्यातील हमाल, एकदा वाचनालये, एकदा खाम नदी आणि तिच्या काठची घरे. वस्तीतील माणसाला आधी विचारून जावे; कोणाच्या दारिद्र्याकडे प्रदर्शनासारखे पाहू नये. फेरीनंतर वाचनालयात बसून दोन पाने लिहून काढावीत. त्यांत पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे नोंदवावे, आणि जे पडताळता आले नाही त्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. खर्च चहाचा, तोही वर्गणीतून.

वर्षभर दरमहा एक फेरी झाली तर बारा टिपणे तयार होतील. वस्तीत किती दिवसांआड पाणी येते, कोणत्या शाळेत किती मुले उरली, कोणते वाचनालय कुलपात आहे, याची ती खात्रीची नोंद असेल. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलावयाचे तर निवेदनाला जोडण्यासाठी याहून चांगले परिशिष्ट नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, बारा फेऱ्यांत शंभरएक माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतील. उद्या एखाद्या रात्री अफवा पसरली, तर पलीकडच्या मोहल्ल्यात फोन करून खरे काय ते विचारता येईल असा एक तरी माणूस त्यांतील प्रत्येकाकडे असेल. शांततेच्या शंभर पत्रकांपेक्षा असा एक फोन अधिक कामाचा असतो.

पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी सात वाजता महात्मा फुल्यांच्या पुतळ्यापासून निघावी. विषय पाणी असावा. प्रत्येकाने आपल्या वस्तीबाहेरचा एक माणूस सोबत आणावा, एवढीच या व्याख्यानाची अपेक्षा आहे.