झिजलेल्या भाषेची बाजू



आज मला लिथुआनियन आणि डॅनिश या दोन भाषांची तुलना करायची आहे. पण ती मी काशीच्या अहिल्याबाई घाटावरून करणार आहे, कारण जो गैरसमज मला दूर करायचा आहे तो या घाटावर रोज कानी पडतो.

अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा हा घाट दशाश्वमेधाच्या शेजारी, शीतला घाटाला लागून आहे. दर्शन आटोपून मराठी यात्रेकरू इथे नाव ठरवतात. नाववाला आपल्या बोलीत सांगतो, हमार नाव, हमार घर, हमार भाई. आपण मराठीत माझी नाव, माझं घर, माझा भाऊ असं म्हणणार. मग कुणीतरी हसून म्हणतं, यांना लिंगसुद्धा कळत नाही, बिघडलेली हिंदी आहे ही! मंडळी, हे बोलणं थांबवा. ती हिंदी नाही, बिघडलेली तर नाहीच नाही. ती काशिका, भोजपुरीचं बनारसी रूप. तिचे प्रत्यय झिजले आहेत, एवढंच. झिजणं आणि बिघडणं यांत फरक आहे, आणि माझी सगळी मिनिटं मी त्या फरकावरच खर्च करणार आहे.

घरात वाटणी झाली असं समजा. दोन भाऊ. दोघांच्या वाट्याला तांब्याचं एकेक मोठं घंगाळ आलं. थोरल्यानं ते चिंचेनं घासूनपुसून तसंच ठेवलं. धाकट्याला रोजच्या वापराला ते जड पडू लागलं. त्यानं ते तांबटाकडे नेलं आणि वितळवून दोन पातेली, एक लोटा करून घेतला. तांबं दोघांकडे तेच आहे. थोरल्याकडे आजोबांच्या भांड्याचा घाट पाहायला मिळतो हे खरं, पण म्हणून धाकट्यानं वडिलार्जित घालवलं असं कसं म्हणाल?

लिथुआनियन, डॅनिश आणि आपली संस्कृत, साऱ्या एकाच मूळ भाषेच्या वारसदार. लिथुआनियन हा तो थोरला भाऊ. संस्कृतात सूनु, तिच्यात सूनुस. संस्कृतातली अवि म्हणजे मेंढी, ती तिच्यात अविस. विभक्ती सात, त्याही नामाला चिकटलेल्या प्रत्ययांनी दाखवलेल्या. म्हणून तर १८५२ साली श्लायशर हा जर्मन पंडित लिथुआनियन शेतकऱ्यांची बोली ऐकायला त्यांच्या गावांत गेला आणि चार वर्षांनी त्यानं तिचं व्याकरण छापलं. डॅनिश हा धाकटा. नामाच्या विभक्तींपैकी षष्ठीचा एक 'स' तेवढा उरला. मी, तू, तो, आम्ही, कर्ता कुणीही असो, वर्तमानकाळात क्रियापदाचं रूप एकच. शब्दांची टोकं बोलताना इतकी विरघळतात की शेजारचे स्वीडिश लोकही कुरकुरतात.

आता थोरल्याचं घंगाळ जरा उलटं करून बघा. त्यालाही पोचे आहेत! लिथुआनियन नामांतलं नपुंसकलिंग गेलं, उरली पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही दोनच. आणि डॅनिशनं, त्या झिजलेल्या डॅनिशनं, पुल्लिंग-स्त्रीलिंग एकत्र वितळवलं, पण नपुंसकलिंग ठेवलं. 'घर' मराठीत नपुंसकलिंगी, डॅनिशमध्येही नपुंसकलिंगी. सगळं जपणारी भाषा मला तरी कुठे सापडलेली नाही. एकीनं एक जपलं, दुसरीनं दुसरं. कुणी उठताबसता 'शुद्ध' हा शब्द वापरू लागलं की त्याला हे नपुंसकलिंग दाखवावं.

आणखी एक. जुनं रूप आणि जुनी नोंद यांचाही घोळ करू नका. डेन्मार्कातला जटलंडचा कायदा १२४१ सालचा, डॅनिशमध्ये लिहिलेला. लिथुआनियनमधलं पहिलं छापील पुस्तक १५४७ सालचं. जिची लेखी नोंद उशिराची, तिचंच रूप जुनं. शेतात आणि चुलीपाशी ती भाषा तशी राहिली. पुढे १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारनं तिच्या रोमन अक्षरांतल्या छपाईवर बंदी घातली. लोकांनी प्रशियात पुस्तकं छापून घेतली आणि पाठीवरून सरहद्दीपार आणली. त्यांच्याबद्दल बोलायला एक अख्खं भाषण हवं, आज ते होणार नाही.

या झिजलेल्या डॅनिशच्या घरातला एक मुलगा, रास्मुस रास्क. १८१८ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. जुन्या नॉर्सचं ग्रीक, लॅटिन, स्लाव्ह आणि बाल्टिक भाषांशी काय नातं आहे, ते त्यानं त्यात नियमवार मांडलं. १८२० साली तो मुंबईत आला आणि पारशांच्या जुन्या हस्तलिखितांमागे लागला. डेन्मार्कचं आपणही एक देणं लागतो. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालातल्या श्रीरामपुरात छापलं गेलं, आणि ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं.

आता पुन्हा घाटावर या. मराठीनं संस्कृताची तिन्ही लिंगं ठेवली, म्हणून आपल्याला थोरलेपणाचा ताठा. पण संस्कृताचं द्विवचन आपणही घालवलं आहे, हे विसरू नका. आणि काशिकेनं काय ठेवलं ते कान देऊन ऐका. मराठीत आपण घरी जातो म्हणतो, हिंदीत नुसतं घर जाता हूँ, आणि बनारसी माणूस म्हणतो, घरे जात हई. संस्कृत गृहे आठवा. सप्तमीचा प्रत्यय दोघांकडे शाबूत आहे, मधल्या हिंदीनं तो सोडला. आपण गेला, आला म्हणतो, तो गयल, आयल म्हणतो. भूतकाळातला हा 'ल' हिंदीत नाही. नागपूरपासून काशीपर्यंतची हिंदी ओलांडून तो आपल्याला इथे भेटतो. भाषापंडित ग्रियर्सननं हा 'ल' आणि इतर काही खुणा पाहून मराठी आणि भोजपुरी या दोघींना आर्यभाषांच्या बाहेरच्या वर्तुळात बसवलं. सुनीतिकुमार चॅटर्जींनी ती मांडणी १९२६ साली खोडून काढली. वर्तुळ गेलं तरी 'ल' जागेवरच आहे.

आणि धाकट्यानं नवं काय घडवलं? भोजपुरीत घोड़ा म्हणजे कुठलाही घोडा, घोड़वा म्हणजे तो आपल्या ओळखीतला घोडा. नामाला शेवटी नवी कडी बसवली आहे. डॅनिशमध्येही हेस्ट म्हणजे घोडा आणि हेस्टन म्हणजे तोच, ठाऊक असलेला घोडा. लिथुआनियनमध्ये नामाला अशी कडी नाही, मराठीतही नाही. म्हणजे वितळवलेल्या तांब्याची पातेली झाली, ती रोज चुलीवर चढतात.

मला पुन्हा तेच सांगायचं आहे, कारण ते निसटतं. प्रत्यय झिजला म्हणून भाषा दरिद्री होत नाही. नाववाला 'हमार नाव' म्हणतो तेव्हा तो चुकत नाही, त्याच्या भाषेचं व्याकरण बिनचूक पाळत असतो.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागातल्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. नातू 'माझा वही' म्हणाला तर 'माझी वही' असं जरूर सांगा, मराठी त्याला नीट यायलाच हवी. पण गल्लीतल्या भाषेनं तुझी जीभ बिघडवली, असं त्याला सांगू नका. याच काशीतल्या मराठी घरात १८८३ साली बाबूराव विष्णू पराडकर जन्मले. 'आज' या दैनिकातून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावलं. त्यांच्या जिभेला दोन भाषा जड झाल्या नाहीत.

वेळ संपल्याची खूण झाली आहे. संस्कृत कर्तव्यम् यातून मराठीत 'करावे' आलं आणि त्यातूनच भोजपुरीत 'करब', म्हणजे 'मी करीन', हे आलं. कर्तव्याचा भविष्यकाळ कसा झाला, ते उलगडून सांगायचं राहिलं. निदान एवढं करा. काशीला याल तेव्हा नावेत बसल्यावर भाड्याची घासाघीस आधी उरकून घ्या, मग नाववाल्याला बोलू द्या आणि त्याच्या बोलण्यात किती 'ल' आपले वाटतात ते बघा.