ब्याण्णवावा



बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने विजेत्यांबद्दल बोलावं असा रिवाज आहे. या गोष्टीतही एक विजेता आहे, पण गोष्ट त्याची नाही.

फिलिप बॉइट हा केनियाचा मध्यम पल्ल्याचा धावपटू. त्याच्याच घराण्यातल्या माइक बॉइट यांनी 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं कांस्यपदक मिळवलेलं. 1996 साली नायकी कंपनीने फिलिपला क्रॉस-कंट्री स्कीइंग शिकायला फिनलंडला पाठवलं. जाहिरातीचा डाव, दुसरं काय! तोवर त्याने बर्फ पाहिलाही नव्हता.

क्रॉस-कंट्री म्हणजे नुसतं उतारावरून मजेत घसरणं नव्हे. स्की लांब आणि अरुंद, बूट फक्त चवड्यापाशी अडकवलेला, टाच मोकळी, हातात दोन काठ्या आणि समोर चढउतारच चढउतार. क्लासिकल प्रकारात स्कीच्या तळाला, पावलाखालच्या भागात, मेण लावतात. पाय दाबला की मेण बर्फाला धरतं, भार सोडला की स्की पुढे सरकते. त्या दिवशीच्या बर्फाला न मानवणारं मेण लागलं, तर चढावर माणूस मागेच घसरू लागतो. धावपटूचा दम इथे कामी येतो, पण तोल उसना मिळत नाही.

12 फेब्रुवारी 1998. नागानो ऑलिंपिक, 10 किलोमीटरची शर्यत. नॉर्वेच्या ब्यॉर्न डॅलीने 27 मिनिटं 24.5 सेकंदांत सहावं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. बॉइटला लागली 47 मिनिटं 25.5 सेकंद. ब्याण्णवावा, म्हणजे शेवटचा. पदकवितरण खोळंबलं तरी डॅली अंतिम रेषेपाशी थांबून राहिला, आणि बॉइट येताच त्याने त्याला मिठी मारली.

ती मिठी जगभर गाजली. कौतुक बहुतेक डॅलीच्या वाट्याला गेलं, आणि ते रास्तच होतं. पण वीस मिनिटं थांबणं आणि वीस मिनिटं जास्त झुंजणं, यांतलं अवघड काम बॉइटने केलं होतं.

पुढच्याच वर्षी, 1999 साली, रोलर-स्कीवर सराव करताना डॅलीला अपघात झाला, पाठ दुखावली आणि आठ सुवर्ण, चार रौप्य पदकांवर त्याची कारकीर्द थांबली. बॉइट मात्र 2002मध्ये सॉल्ट लेक सिटीला उतरला, 2006मध्ये तुरीनलाही. पदक नाहीच. मुलाचं नाव त्याने डॅली ठेवलं.

आता बक्षिसांची यादी वाचली जाईल. आपलं नाव झालं की मागच्या दाराने सटकू नका. शेवटचं नाव पुकारेपर्यंत टाळ्या शिल्लक ठेवा.